आधी लायसन्स, मग नमस्कार

इलेक्ट्रॉनिक सिटीतले हजारो इंजिनियर रोज सुखरूप कामावर पोचायचे, ते एका माणसाच्या तपश्चर्येमुळे. हे मत स्वतः त्या माणसाचंच होतं. ऑफिसात दुसरं मत कुणी मांडलं नाही, कारण त्यासाठी अण्णांच्या टेबलासमोर उभं राहावं लागलं असतं.

आमची कंपनी आयटीवाल्यांना बस आणि मोटारी पुरवते. नवा ड्रायव्हर घेण्याआधी त्याचे कागद तपासायचे, हे अण्णांचं काम. चिकपेटमधलं त्यांचं मराठी घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून बंगळुरात आलं. त्या घोड्यांचेही कागद कुणीतरी तपासले असणार, अशा थाटात अण्णा खुर्चीत बसत.

उमेदवाराने हात जोडले की अण्णा हात पुढे करत. "आधी लायसन्स. नमस्कार नंतर, वेळ आलीच तर." लायसन्स भिंगाखाली जाई, मग ट्यूबलाइटसमोर आणि शेवटी नाकाशी. "खोटं असलं की नव्या प्लास्टिकचा वास येतो वो पुणेकर," ते मला सांगत. मी पुण्याहून आलेला. तेव्हा मला सगळंच समजावून सांगावं लागतं, अशी त्यांची समजूत होती.

यशवंतपूरचा एक उमेदवार ट्रेनिंगचं सर्टिफिकेट चक्क फ्रेम करून घेऊन आला. अण्णांनी फ्रेम पालथी घातली. "ट्रेनिंगला होतास तेव्हा चहा कुठं प्यायचास?"

गडी चाचरला. "मी चहा पीत नाही, सर."

"सहा दिवस वर्गात बसलास, चहा नाही, आणि झोपलाही नाहीस? सरी, सरी, ठीक आहे. घरी जा."

मी ट्रेनिंग सेंटरला फोन केला. त्या नावाचं कुणी तिथे आलंच नव्हतं. अण्णांनी फक्त भिंग पुसलं. मात्र ते इतकं सावकाश पुसलं, की भाषण परवडलं असतं.

बसवराजला त्यांनी असंच पारखून घेतलं होतं, अकरा वर्षांपूर्वी. तेव्हापासून त्याच्या गाडीवर ओरखडा नव्हता. "माझी निवड," असं म्हणून अण्णा त्याला पाहुण्यांसमोर उभं करत.

अण्णांच्या निवृत्तीच्या दिवशी मालकांनी हार घातला, शाल दिली आणि सुरक्षिततेवर बरंच बोलले. घरी सोडायला बसवराज मोठी गाडी घेऊन उभा होता. त्याने दार उघडलं. अण्णांनी हात पुढे केला. "लायसन्स."

सगळे हसले. बसवराजही हसला आणि हसत हसतच त्याने ते दिलं. भिंगाची गरज पडली नाही. मुदत संपून दोन महिने झाले होते.

"पण अण्णा, तुम्हीच बघितलं होतं ना," बसवराज हळूच म्हणाला, "नोकरीला लागताना."

खरं होतं. नव्या माणसाची तपासणी आमच्याकडे इतकी कडक होती, की जुन्याचीही करायची असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अण्णांच्याही.

लायसन्स नाही तर नोकरी नाही, हा नियम अण्णांनीच केलेला. त्याच नियमाखाली मालकांचा भाचाही घरी गेला होता. बसवराजचा चेहरा उतरला. मालक म्हणाले, "आजचा दिवस सोडा, अण्णा. चांगला माणूस आहे."

"चांगला आहे, हे मीच सांगितलं होतं तुम्हाला." अण्णांनी घड्याळ पाहिलं. साडेपाचला दहा मिनिटं होती. म्हणजे ते अजून नोकरीत होते. त्यांनी रजिस्टर मागवलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'बसवराज. नवं लायसन्स येईपर्यंत गाडी चालवणार नाही. नोकरी कायम. चूक तपासणाऱ्याची.' खाली सही.

"उद्या नऊला आरटीओच्या दारात," ते बसवराजला म्हणाले. "मी येतो. आणि रडू नको. तिथं डोळे बघतात."

रजिस्टर माझ्या हातात आलं. "पुणेकर, उद्यापासून सगळे ड्रायव्हर. जुने आधी. आणि स्वल्प नाक पण वापरा."

गाडी दुसरं कोण चालवेल म्हणून अण्णांनी आवारात नजर फिरवली. जमलेले ड्रायव्हर खिसे चाचपत एकेक करून आत गेले. मग मीच अण्णांना मेट्रो स्टेशनापर्यंत चालत सोडलं. गळ्यात हार तसाच ठेवून ते मेट्रोत बसले आणि चिकपेटकडे निघाले.

ती मेट्रो ड्रायव्हरशिवायही चालू शकते, असं म्हणतात.