पंधरा नंबरचा पाना

सीट आणि हँडलवर उलटी उभी केलेली सायकल, आणि कोवळ्या उन्हात गरगर फिरणारं तिचं पुढचं चाक… लहानपणाची आठवण निघाली की मला आधी हे चाक दिसतं. त्याचे आरे वेगात दिसेनासे होतात, मग हळूहळू एकेक करून परत दिसू लागतात, आणि चाक थांबता थांबता किंचित मागं येतं — जणू काही विसरलं म्हणून वळून बघतंय. त्या चाकाबरोबर वासही येतात. रॉकेलात भिजवलेल्या चिंध्यांचा, पंक्चरच्या सोल्युशनचा, आप्पांच्या अंगणातल्या शेवग्याच्या फुलांचा. आणि थंडीचे दिवस असले तर पलीकडच्या गुऱ्हाळातून येणारा, घसा गोड करणारा उकळत्या रसाचा.

आमची वस्ती वडगाव रासाईच्या अलीकडं, भीमेच्या काठाला. वडिलांची शेवंतीची थोडी बाग होती. ते चौथीपर्यंत शिकलेले, आणि आईला फक्त माझं नाव लिहिता येई, स्वतःचं नाही. कारण तिला अक्षरं शिकवली ती मी, आणि मी शिकवायला सुरुवात माझ्या नावापासून केली होती. सातवीनंतरची शाळा सहा किलोमीटरवर, कालव्याच्या रस्त्यानं. एसटी यायची ती पहिला तास संपल्यावर. त्यामुळं आमच्या वस्तीवरच्या मुली सातवी झाल्या की घरी बसत. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे.

दौंडला रेल्वेत फिटर म्हणून काम केलेले आप्पा निवृत्त होऊन वस्तीवर राहायला आले आणि हे बदललं. येताना त्यांनी टेम्पोतून संसाराबरोबर सात-आठ मोडक्या सायकली आणल्या. लोक हसले. आप्पांनी त्या खोलल्या, चाकांतले छर्रे धुतले, गंज खरवडला, चाकं धरणारे चिमटे सरळ केले, आणि एक सायकल मंडळ काढलं. नामदेव शिंपी, आमचे गुरुजी, दोन दूधवाले आणि आम्ही सहा पोरं-पोरी एवढंच ते मंडळ. ज्याला शाळेसाठी सायकल हवी त्यानं न्यावी, दहावी झाली की परत आणावी, आणि दर रविवारी सकाळी आप्पांच्या अंगणात यावं, एवढीच अट. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारापर्यंत जायचो आणि तिथं बाजाराला आलेल्यांच्या सायकलींना हवा भरून, चेनला तेल घालून द्यायचो. लोकांना ते खरं वाटत नसे. एक म्हातारे तर तेल घातल्यावर बराच वेळ तिथंच उभे राहिले. आम्ही आणखी काय मागणार, याची वाट बघत.

मंडळाचा एक नियम मात्र विचित्र होता. रविवारी आपली सायकल आपण करायची नाही. अंगणात सगळ्या सायकली उभ्या करायच्या, आणि हाताला येईल ती दुसऱ्याची घ्यायची. "आपल्या सायकलची कुरकुर आपल्याला ऐकू येत न्हाई, सवय झालेली असती," आप्पा म्हणत. आणि याच नियमाचा दुसरा भाग असा की, आपण कुणाची सायकल केली ते बोलायचं नाही, आपली कुणी केली ते विचारायचं नाही. बोललं की उपकार होतो, असं त्यांचं म्हणणं. मला हे फार आवडायचं. सोमवारी सायकल हलकी, लोण्यासारखी चालायची आणि वाटायचं, वस्तीतल्या कुणाचे तरी हात माझ्याबरोबर शाळेत येताहेत.

शोभा माझ्या वर्गातली, माझ्या शेजारच्या मळ्यातली. किसनमामांची ती एकुलती एक मुलगी. अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार, आणि सायकलवर तर वारं. किसनमामांनी तिला आठवीत पाठवलं ते आप्पांच्या शब्दावर, तेही मनातून नाहीच. रोज संध्याकाळी ती दिसेपर्यंत ते बांधावर उभे असत आणि ती दिसली की काही न बोलता आत वळत.

मार्गशीर्षातला तो रविवार होता. हाताला आलेली सायकल शोभाची आहे, हे मी तिच्या घंटीला बांधलेल्या लाल रिबिनीवरून ओळखलं. पुढच्या चाकात ग्रीस भरायचं म्हणून ते मी काढलं. भरलं, पुसलं, परत चिमट्यात बसवलं आणि दोन्ही बाजूंचे नट बोटांनी आवळले. आता फक्त पाना फिरवायचा राहिला होता. पण पंधरा नंबरचा पाना मंडळात एकच. तो आप्पांचा, रेल्वेतला, मुठीत धरून धरून गुळगुळीत झालेला; अंगणभर या हातातून त्या हातात फिरत असे. तेव्हा तो नामदेवकाकांकडं होता, मी त्यांना हाक मारली. ते म्हणाले, आलोच. मग पाना दूधवाल्याकडं गेला. मी ओट्यावर बसून वाट बघत राहिले… आणि तेवढ्यात पोहे आले. त्या रविवारी पोह्यांची पाळी गुरुजींच्या घरची होती. वर ओलं खोबरं, तळलेले शेंगदाणे, लिंबाची फोड. गुरुजींच्या पत्नी पोरांना हातानं वाढत होत्या, आणि नामदेवकाका लिंबू लपवून ठेवल्याची कुणाची तरी थट्टा करत होते. हसता हसता मी उठले, हात धुतले आणि घरी गेले.

सोमवारी सकाळी कालव्याच्या उतारावर शोभा माझ्यापुढं होती. उसाच्या ट्रॉल्यांमधून सांडलेलं पाचट रस्त्यावर पसरलेलं, त्यावर दव. एक लहानसा खड्डा आला आणि तिचं पुढचं चाक सायकलला सोडून एकटंच पुढं गेलं. ते किती शांतपणे गेलं, ते मला अजून आठवतं. मग शोभा पडली.

तिचा डावा हात मनगटापाशी मोडला होता. ऊसतोडीची बायका-माणसं धावत आली, कुणीतरी तिला बैलगाडीत घेतलं. मी मागं थांबून सायकल गोळा करत होते, तेव्हा पाचटात तो नट चमकला. मी तो उचलला आणि कंपासपेटीत ठेवला, कर्कटकाच्या शेजारी. का ठेवला, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात मी जेवत होते, शाळेत जात होते, फळ्यावरचं उतरून घेत होते, आणि पेटी उघडली की तो नट दिसत होता. पोरी भरधाव चालवतात, खड्डा बघत नाहीत, असं सगळी वस्ती म्हणत होती. किसनमामांनी शोभाचं दप्तर फडताळावर ठेवून दिलं होतं. आणखी दोन मुलींच्या घरीही कुजबुज सुरू झाली होती. मी बोलले असते तर चूक मंडळाची ठरली असती, मग कुठल्या बापानं मुलीला मंडळाच्या सायकलवर बसवलं असतं? माझ्या बापानं तरी? आणि नाही बोलले तर शोभाची शाळा माझ्यामुळं सुटणार, आणि लोक म्हणणार तिच्यामुळं सुटली.

रविवारी किसनमामा ती सायकल खांद्यावर घेऊन आप्पांच्या अंगणात आले. मागोमाग शोभा, हात गळ्यात बांधलेला. मामांनी सायकल शेवग्याला टेकवली, सुटं चाक शेजारी ठेवलं.

"आप्पा, तुमच्यावर राग न्हाई. तुमी चांगल्यासाठीच केलं. पन पोरगी आता घरी ऱ्हाईल."

आप्पांनी सायकलकडं पाहिलं. चाकाच्या आसाला एकीकडं नट नव्हता. ते त्यांना कळायला क्षणही लागला नसणार. त्यांनी आमच्या कुणाच्याही तोंडाकडं पाहिलं नाही. खाली बघत ते म्हणाले, "किसन, पाना माजा हाय. शेवटचा हात फिरवून बघनं माजं काम. चूक माजी हाय."

मला वाटतं, ते असं म्हणाले नसते तर मी गप्पच राहिले असते. पण हातातला पाना चिंधीनं पुसत, एवढ्या लोकांसमोर तो म्हातारा माणूस माझी चूक अंगावर घेत होता, आणि ती कुणाची हे विचारायचं नाही हा त्याचा नियम शेवटपर्यंत पाळत होता. मी उठले. कंपासपेटी सोबतच होती, सहा दिवस मी ती कुठंच खाली ठेवली नव्हती. किसनमामांच्या तळहातावर मी तो नट ठेवला आणि सांगितलं की चाक मी बसवलं होतं, नट बोटांनी आवळले होते, पाना मागितला होता.

"मग?" मामा म्हणाले.

"मग पोहे आले."

कुणी हसलं नाही. नामदेवकाकांनी मान खाली घातली. किसनमामा त्या नटाकडं बघत उभे राहिले. त्यांच्या भेगाळलेल्या तळहातावर तो इतका लहान दिसत होता. मी रडत होते, पण आवाज येऊ न देता. आणि मग ओट्यावरून शोभाचा आवाज आला, वडिलांना उद्देशून, नेहमीसारखा, थोडा खट्याळ, थोडा करडा.

"दादा, हात मोडलाय माजा, पाय न्हाई. हिनं पाडलं तर हिनंच न्यायचं. कॅरेजवर बसंन मी."

मामा तिच्याकडं वळले. गुऱ्हाळावरचा धूर अंगणावरून सरकत गेला. ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. नट मुठीत मिटून ते घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल घेऊन भीत भीत त्यांच्या मळ्यापाशी थांबले, तर शोभा दप्तर घेऊन बांधावर उभी होती आणि शेजारी किसनमामा. ते आले, माझ्या सायकलपुढं गुडघ्यावर बसले आणि पुढच्या चाकाचे दोन्ही नट बोटांनी चाचपले — एक, मग दुसरा. आवळून बघितले. मग उठून शोभाला कॅरेजवर बसवलं.

"या जाऊन," एवढंच म्हणाले.

प्लास्टर निघेपर्यंत मी तिला डबलसीट नेलं. उतारावर ती मला पाठीमागून सूचना द्यायची आणि चढावर माझ्या दमाची नक्कल करायची. मी हळू चालवली की म्हणे, एवढ्यात म्हैस गेली पुढनं. पडल्याबद्दल मात्र ती कधी एक शब्दही बोलली नाही. प्लास्टर निघाल्यावर आम्ही परत दोन सायकलींवर जाऊ लागलो. मामा रोज सकाळी बांधावर असत — पाऊस असो, थंडी असो, मजूर खोळंबलेले असोत. आधी माझ्या सायकलचे नट, मग शोभाच्या. "या जाऊन." दहावीपर्यंत त्यांनी हे चुकवलं नाही. पुढं रविवारी अंगणातही सायकली निघण्याआधी प्रत्येक जण शेजारच्याच्या चाकाचे नट चाचपू लागला. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं शोभा नर्स झाली, सध्या दौंड तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात असते. मी पदवी घेतली, आमच्या घरातली पहिली. निकाल कळला त्या दिवशी वडिलांनी शेवंतीचा हार केला, पण मोठ्या झालेल्या मुलीच्या गळ्यात घालायला संकोचले आणि दाराशी उभ्या असलेल्या सायकलच्या हँडलला घातला. आता मी शिरूरला कॉलेजात शिकवते. मला कुणी विचारलं की तुम्ही कशा शिकलात, तर मी फीमाफीचं सांगते, शिक्षकांचं सांगते. पण मनात येतो तो नट चाचपणारा अंगठा.

मी पहिली जुनी मोटार घेऊन वस्तीवर गेले, तेव्हा किसनमामांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. गाडीवरून हात फिरवत ते पुढच्या चाकापाशी आले, कष्टानं वाकले, आणि त्याचे नट एकेक करून चाचपले. "लई हायती," म्हणाले. सगळे तपासूनच उठले.

आप्पा आता नाहीत. त्यांच्या अंगणात मंडळ मात्र अजून भरतं. गिअरच्या सायकली आल्या, हेल्मेटं आली, कारखान्यात नोकरी करणारी तरुण मुलं येतात, आणि पाने आता पेटीभर आहेत. गुळगुळीत पंधरा नंबरचा तेवढा कुणी वापरत नाही. तो शेवग्याला ठोकलेल्या खिळ्याला टांगलेला असतो. मी महिन्यातून एक रविवार जाते. नियम तोच आहे — कुणाची केली ते सांगायचं नाही.

या हिवाळ्याच्या तोंडाला किसनमामा गेले. त्यानंतरच्या रविवारी शोभा माहेरीच होती, तीही अंगणात आली. काम झालं, पोहे झाले, सगळे कालव्याच्या रस्त्यानं फेरीला निघाले. मी सायकल हातात धरून उभी राहिले. माझ्या सायकलच्या चाकाला आता नट नाही, एक खटका आहे, तो दाबला की झालं. चाचपायचं असं त्यात काही नाही. तरी पाय उचलेना.

शोभा ओट्यावरून उतरली. माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, आणि थोड्या वाकड्या राहिलेल्या डाव्या मनगटाचा हात पुढं करून तिनं त्या खटक्यावर बोटं फिरवली. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग पदराला हात पुसत उठली.

"ये जाऊन," म्हणाली.