जांभळाचं अस्तर

माझं शुद्धलेखन धड नाही आणि अक्षर ओल्या अंगणात कोंबडी फिरून गेल्यासारखं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. तेव्हा हा कागद कोणाच्या हाती लागलाच तर ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्यावं. लिहायचं आहे ते माझ्या थोरल्या दिरांबद्दल, ज्यांना मी भावजी म्हणते. फळाच्या रंगावर एवढा जीव टाकणारा माणूस मालवणपासून दोडामार्गापर्यंत दुसरा मिळायचा नाही. लोक देवाला नवस बोलतात, वैद्याकडे जातात, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवतात. आमचे भावजी करवंदाच्या जाळीकडे जातात.

त्यांनी जन्मभर बंदरावर होड्या रंगवल्या. गुडघे दुखायला लागले तसं ते काम सोडून घरी बसले, पण रंगारीपण काही सुटलं नाही. माणसाचं पोट म्हणजे आतून बाहेर केलेली होडी, असं त्यांचं ठाम मत. होडी आधी खरवडायची, मग तेल पाजायचं, मग रंगाखालचं अस्तर, मग रंगाचे दोन हात, आणि दोन हातांच्या मधे ऊन. पोटालाही हाच कायदा. खरवडण्याच्या जागी चावणं आलं. घरात कोणी करवंद नुसतं गिळलं तर ते जेवण थांबवून त्याला दुसरं देऊन पहिल्यापासून चावायला लावत. आंबा खायच्या आधी खोबरेल तेलाचा एक चमचा. शेजारचे मास्तर पूजेचं आमंत्रण द्यायला आले होते, त्यांना आंब्याची फोड दाखवून भावजींनी आधी तेलाचा चमचा पुढे केला. मास्तर भिडस्त, त्यांनी डोळे मिटून तो घेतला. भावजींनी त्यांना समजावलं, "तेल पिल्याशिवाय लाकूड रंग घेणा नाय, मास्तर." तेव्हापासून मास्तर आमंत्रण कुंपणापलीकडूनच देतात.

एकदा आमच्या ह्यांना, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, ओंजळभर जांभळं खायला घालून त्यांनी शर्ट वर करून घरापुढच्या खळ्यात उन्हात बसवलं. पहिला हात वाळला की दुसरी ओंजळ मिळायची होती. हे भावाच्या शब्दाबाहेर नाहीत, बसले. तेवढ्यात वाडीतल्या चार बायका पाण्याला चालल्या होत्या, त्यांनी विचारलं तर भावजी शांतपणे म्हणाले की सुकत घातलाय.

जाऊबाई मात्र त्यांना पुरून उरायच्या. कामात त्यांचे हात चालायचे आणि तोंडही. "मी काय होडी आसंय?" एवढं म्हणून वाटी सरकवायच्या. भावजी ती वाटी परत त्यांच्याकडे सरकवायचे. दिवसातून कितीतरी वेळा ती वाटी अशी ओटीवर इकडून तिकडे जायची, आणि शेवटी जाऊबाई ती रिकामी करायच्या. मला वाटतं, त्या दोघांचं बोलणं म्हणजे ती वाटीच होती.

मग जाऊबाईंचं दुखणं निघालं. गर्भाच्या पिशवीत गाठ होती आणि अंगावरून फार जायचं. गाठ काढायला हवी, पण अंगात रक्त इतकं कमी की ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या. आधी रक्त वाढवा म्हणाल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की उशीर करू नका, गाठ वाढतेय. जाऊबाई दिवसेंदिवस पिठासारख्या पांढऱ्या होत चालल्या. चुलीपाशी बसल्या की उठताना भिंत धरायच्या. टोमणे कमी झाले, तेव्हा मी खरी घाबरले.

भावजींनी गोळी उजेडात धरून बघितली. गोळी लाल होती. त्यांचा चेहराच खुलला. आता हा रंग नीट बसवायचं काम त्यांचं. रोज सकाळी ते स्वतः झाडाखालची जांभळं वेचायचे, कुस्करून दाट रस काढायचे, तो जाऊबाईंना पाजायचे आणि तो आत पसरला असेल एवढ्या वेळाने वरून गोळी. "अस्तर नाय तर रंग पयल्या पावसात सुटतलो," असं मला त्यांनी सांगितलं. एक दिवस चुकवला नाही. जांभळं संपायला आली तेव्हा धामापूरच्या तळ्याकडून पिशवी भरून आणली, दुखऱ्या गुडघ्यांनी.

पुन्हा रक्त तपासलं. काडीभर वाढलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कशा घेता ते विचारलं. जाऊबाई काही बोलायच्या आत भावजींनी सगळं सांगितलं, अस्तरासकट, अगदी अभिमानाने. बाई तरुण होत्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. म्हणाल्या, "काका, जांभूळ चांगलंच आहे. पण त्यात जे तुरट असतं, ते पोटात लोहाला धरून ठेवतं. मग दोन्ही तशीच बाहेर जातात." पुढेही त्या पुष्कळ बोलल्या. भावजी मान हलवत होते, पण त्यांना काही ऐकू जात नव्हतं हे मला दिसत होतं.

घरी येऊन ते जेवले नाहीत. संध्याकाळी मी खळ्यात चहा ठेवायला गेले. मी त्यांच्यासमोर कधी चार वाक्यं बोलले नव्हते, पदर सावरून चहा ठेवायचा आणि आत यायचं एवढंच.

"माझ्याच हातान तिचा रगात अडवलंय गो," ते म्हणाले.

मला आत जाता येईना. म्हटलं, बाई पुढे काय म्हणाल्या ते ऐकलंत का. नाही म्हणाले. मग मी दाराच्या चौकटीला धरून, जसं आठवलं तसं सांगितलं. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची. जांभूळ खायचं, पण गोळीपासून दोन-तीन तास लांब. आणि जांभळाच्या रंगाचंही सांगितलं. रंग फुकट जात नाही, पण आपण समजतो तसा चढतही नाही. थोडासा तेवढा रक्तात शिरतो. बाकीचा खाली मोठ्या आतड्यात जातो, तिथे बारीक जंतू असतात, ते त्याचे तुकडे करतात, आणि ते तुकडे मग अंगात जातात. तोवर त्यांना रंग राहिलेला नसतो.

भावजींनी चहा बाजूला सरकवला. जन्मभर रंग लावलेला माणूस तो.

"मगे तो लागलो ह्यां कळतला कसा?"

"कळणा नाय," मी म्हटलं. ते मला बाईंनीही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी लिंबू पिळलं जाऊ लागलं, पण ते काम माझ्याकडे आलं. भावजी काही करायचे नाहीत, नुसते लांबून बघायचे. रक्त हळूहळू चढलं. भातं पिवळी पडायच्या दिवसांत ऑपरेशन झालं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो आणि भावजी नखातला जुना निळा रंग काडीने कोरत होते. तो कुठला निघतोय. जाऊबाई बाहेर आल्या आणि बऱ्या झाल्या. घरात परत टोमणे सुरू झाले, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली.

पण भावजी तसे राहिले नाहीत. मास्तर आता बिनधास्त ओटीवर येऊन आंबा खातात आणि भावजी त्यांना गप्प बसून खाऊ देतात. आम्ही एवढी वर्षं त्यांच्या रंगाला कंटाळलो होतो. आता जेवताना घर कसं सुनं वाटतं.

यंदा जांभूळ फार धरलं. खाली सडा पडायचा, भावजी त्याच्या कडेने चालायचे. परवा दुपारी जाऊबाई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "गोळये कवाच संपले माझे. आता तरी द्या वो."

भावजींनी ऐकलं न ऐकलंसं केलं. त्या हात पुढे करून बसल्या. शेवटी ते उठले. झाडाखाली वाकून खूप वेळ शोधत राहिले, एक घेतलं, टाकलं, दुसरं घेतलं. पाण्याने धुतलं, धोतराला पुसलं आणि जाऊबाईंच्या हातावर ठेवलं. एकच. आणि बी तोंडातून निघेपर्यंत स्वतःचा तळहात त्यांच्या हनुवटीखाली धरून उभे राहिले.