सखूच्या सहा नळ्या

तुम्ही कधी हसता हसता स्वतःचीच लाज वाटून मध्येच थांबला आहात का? मी थांबलो आहे. म्हणून हे किस्से सांगायला बसलो आहे.

जनावरांच्या जिवाणूजन्य रोगांचा अभ्यास करणाऱ्या जळगावच्या एका प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. अशा ठिकाणी किस्से कसे साठतात, हे वेगळे सांगायला नको. फ्रीजमध्ये नळ्या साठतात, तसेच. एक बाहेर काढायला जावे तर मागच्या चार खडखडतात. निरोपसमारंभात आम्ही ते सांगत असू आणि पोट धरून हसत असू. हसण्यासारखे त्यात काय होते, याचा विचार मी फार उशिरा केला.

आधी आमच्या कामाचे मर्म सांगतो. गायीचे रक्त नळीत येते, नळीवर त्या गायीच्या क्रमांकाची चिठ्ठी लागते आणि आम्ही निकाल देतो. कोणती गाय वेगळी बांधायची, कोणाचे दूध घरात घ्यायचे, हे शेतकरी त्या निकालावर ठरवतो. चिठ्ठी खरी, तर सारे खरे.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सारे ‘मॅडम’ म्हणत. त्यांचे एक वाक्य आम्हाला पाठ होते : “चिठ्ठी नसलेली नळी फेकून देता येते. खोटी चिठ्ठी असलेली नळी गावात जाते.”

आणि मला सारे ‘महाराज’ म्हणत. मी पूजा झाल्याशिवाय चहा घेत नसे आणि गंध लावल्याशिवाय मेहरूण भागातल्या माझ्या घरातून बाहेर पडत नसे, म्हणून. त्या नावाचा मला अभिमान होता. तो लपवून काय उपयोग?

*

यावलकडचा एक केळीवाला शेतकरी दुधाचा नमुना घेऊन आला. त्याच्या म्हशीचे सड सुजले होते. कोणत्या जिवाणूमुळे सूज आली ते पाहायचे, म्हणून आम्ही दूध मागवले होते. त्याने स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. मी झाकण उघडले. वर बोटभर साय!

“अहो, हे उकळलंत की काय?”

“हो तर! दोन उकळ्या आणल्या.”

“उकळल्यावर त्यातले जंतू मरतात. आता आम्ही तपासायचं काय?”

तो माणूस जराही ओशाळला नाही. म्हणाला, “आम्ही पाव्हन्याले कच्चं दूध देत नाही भाऊ, सरकारले कसं देऊ?”

आम्ही आठवडाभर हसलो. पण दूध कच्चे आणा, असे त्याला कोणी सांगितले होते? कोणीच नाही. सांगण्याचे काम माझे होते.

*

दुसरा किस्सा माझ्याच देवभोळेपणाचा. एका सोमवारी अभिषेक करून मी मॅडमसाठी पंचामृत आणले. घरी चांगली बाटली मिळेना, म्हणून प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली आदल्या शनिवारी घरी नेली होती. सकाळी ती नमुन्यांच्या फ्रीजमध्ये ठेवली आणि कामात विसरलो. चिठ्ठी अर्थातच लावली नव्हती.

नव्याने रुजू झालेल्या एका सहकारी बाईंनी ती बाटली पाहिली, नमुना समजून तपासणीला लावली आणि दोन दिवसांनी निकाल मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी सर्वांसमक्ष वाचला : “पांढरा, गोडसर वासाचा द्रव. जिवाणूंची भरघोस वाढ. रोगी कोण, याची नोंद नाही.” मग चष्म्यावरून पाहत विचारले, “रोगी कोण आहे हा?”

मी खाली मान घालून उभा. तेवढ्यात आमचे शिपाई भिकाभाऊ म्हणाले, “रोगी नही मॅडम, देव शे!”

*

हे भिकाभाऊ नळ्या धुणारे, गोठ्यात दोर धरणारे, मूळचे अमळनेरच्या बाजूचे. शिक्षण सातवी. त्यांचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चाळीसगावकडच्या एका खेड्यातून बावीस गायींचे रक्त आणले होते. गाडीतून उतरताना भिकाभाऊंचा पाय अडखळला आणि सारी पेटी फरशीवर! एकही नळी वाचली नाही. त्या वेळी आवारात कोणी नव्हते. रस्त्यात खड्डा लागला म्हटले असते, तर ते कोणालाही खरे वाटले असते. त्या रस्त्याची ख्याती तशीच होती. भिकाभाऊ सरळ मॅडमच्या खोलीत गेले.

“मॅडम, बठ्ठ्या फुटन्यात. मना हातथून.”

“मग?”

“मी परत जास.”

दुसऱ्या दिवशी ते आमच्याबरोबर गेले आणि बावीस दारी हात जोडून उभे राहिले. “भाऊ, तुमची नळी माझ्या हातून फुटली. गायीला पुन्हा सुई टोचावी लागेल. माफी करा.” लोक आधी चिडले, मग हसले, मग त्यांनी चहा टाकला. संध्याकाळी भिकाभाऊ परतले ते पोटावर हात ठेवूनच.

मॅडमनी विचारले, “सगळ्या मिळाल्या?”

“नळ्या बावीस मॅडम. चहा एकवीस. एक घर ताकवालं निघालं!”

या किश्श्याला मी सर्वांत मोठ्याने हसलो होतो. मला तो तेव्हा विनोदी वाटला.

*

धुळ्याजवळच्या एका गावी गायींच्या कानांतले पिवळे बिल्ले पाहून क्रमांक लिहीत होतो. एका अक्कांच्या दोन्ही गायींचे कान मोकळे. बिल्ले गेले कुठे, असे विचारल्यावर अक्का आत गेल्या आणि देव्हाऱ्याखालचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. कुलूप उघडले. आत घरातल्या सर्वांची आधार कार्डे आणि त्यांवर हळदीकुंकू लावलेले दोन पिवळे बिल्ले! अक्कांनी ते अडकित्त्याने कापून काढले होते.

“अक्का, हे काय केलंत?”

“तुम्हीच सांगेल व्हतं ना, हाई गायनं आधार कार्ड शे? आधार कार्ड कोनी कानमा लटकाडस का? कुलूपमा ठेवस!”

खरेच, मागच्या खेपेला ते मीच सांगितले होते. आता यातला कोणता बिल्ला कोणत्या गायीचा, असे विचारले, तर अक्का म्हणाल्या, “दोन्ही गाया मन्ह्याच शेतस. काय फरक पडस?”

मी ओट्यावर बसून त्यांना अर्धा तास समजावले. एका गायीचा क्रमांक दुसरीला लागला, तर आजारी गाय निरोगी ठरेल, घरातली माणसे तिचे दूध पितील, हे पाप कोणाच्या माथी जाईल, वगैरे. अक्कांनी शेवटी हात जोडले. “चुकनू भाऊ,” म्हणाल्या.

त्यांच्याहून थोर गुन्हेगार त्यांच्यासमोर ओट्यावर बसला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. कारण पुढचा किस्सा त्याच्या दोन महिने आधीचा आहे.

*

एरंडोलच्या बाजूला एका गावात गायी गाभ टाकू लागल्या होत्या. संशय ज्या जिवाणूजन्य रोगाचा होता, तो गायीपासून माणसालाही होतो. कच्च्या दुधातून होतो, वार काढताना हाताला लागूनही होतो. म्हणून गावातल्या सर्व गायींचे रक्त तपासायचे ठरले. तो दिवस अंगारकीचा होता. मला कडक उपास होता आणि सायंकाळच्या आरतीला पद्मालयाच्या गणपतीला पोहोचायचे, असे मी सकाळीच देवाला सांगून निघालो होतो.

चार वाजले. एकच गोठा उरला. मालक आबा, सत्तरीचे. गायी सहा. त्यांतली सखू म्हणजे देवगाय. मानेत सुई घातली तरी रवंथ चालूच. बाकीच्या पाच द्वाड. पवळी नावाच्या गायीने तर भिकाभाऊंना दोनदा कुडाला दाबले. आबा चहापाण्याचे सांगायला घरात गेले होते.

मी सखूच्या मानेतून एक नळी भरली. मग दुसरी भरली. मग तिसरी.

दोर धरलेले भिकाभाऊ म्हणाले, “महाराज, ह्या बठ्ठ्या सखूच्याच?”

“आरतीला उशीर होतोय, भिकाभाऊ.”

“आरती रोज व्हस.”

“अंगारकी रोज नसते!”

सहा नळ्या भरल्या. सहा गायींचे क्रमांक माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले. तेवढ्यात आबांची सून बाहेर आली, पवळीची धार काढली आणि फेसाळते दूध पेल्यात ओतून माझ्यापुढे धरले. “उपास शे ना सायेब? दूध चालस.” तापवून द्या म्हणायला हवे होते. पण तापवायला वेळ लागला असता. मी ते उभ्याउभ्या प्यायलो.

आरती मिळाली. दर्शन फार छान झाले.

प्रयोगशाळेत गुलाबी औषधाच्या थेंबात रक्तातल्या पाण्याचा थेंब मिसळतात; दाणे धरले, तर रोग. आबांच्या सहाही गायींचे थेंब स्वच्छ राहिले. राहणारच. सखू निरोगी होती. गावातल्या दुसऱ्या कोणत्या गायीतही रोग मिळाला नाही. गाभ टाकण्याचे कारण वेगळे असावे, असा अहवाल गेला आणि गाव निश्चिंत झाले.

त्या दिवसापासून भिकाभाऊंनी मला ‘महाराज’ म्हणणे सोडले. ते मला ‘साहेब’ म्हणू लागले. मी कारण विचारले नाही.

पुढे चार महिन्यांनी मला ताप धरला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामाने अंथरूण भिजायचे, गुडघे लाकडासारखे. तीन डॉक्टर झाले. चौथ्याने विचारले, “कच्चं दूध कधी प्यायलात?” रक्त तपासले. तोच रोग.

मॅडम मला पाहायला घरी आल्या नाहीत. बरे वाटल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावले. समोर रजिस्टर उघडे होते.

“दूध कुठे प्यायलात?”

“आबांच्या गोठ्यात. पवळीचं.”

त्यांनी ओळीवर बोट ठेवले. “आपल्या नोंदीप्रमाणे पवळी स्वच्छ आहे.”

दारात भिकाभाऊ ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी जमिनीकडे पाहिले. सांगायचे ते माझ्यावर सोडले होते. मी सांगितले. सारे सांगितले, आरतीसकट.

मॅडमनी रजिस्टर मिटले. मग म्हणाल्या, “गाडी उद्या सात वाजता निघेल. भिकाभाऊंनी केलं होतं, तसं करायचं. प्रत्येक दारी. नंतर या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही नळीवर तुमचं अक्षर दिसता कामा नये.”

मी गेलो. प्रत्येक दारी हात जोडले आणि माझ्या खोट्या चिठ्ठ्यांमुळे गाव निर्धास्त राहिले, असे सांगितले. कोणी हसले नाही. चहाही कोणी टाकला नाही.

आबांचा गोठा शेवटी आला. अहवालावर विसंबून त्यांनी पवळीला इतर गायींतच बांधले होते. चार गायींनी गाभ टाकले होते. सखूही त्यांत होती. ते सारे उघड्या हातांनी निस्तरणारी सून आत खाटेवर होती. तीन महिने ताप तिला सोडत नव्हता. टायफॉइड म्हणून औषध चालू होते. आजाराचे खरे नाव मी सांगितले. आबांच्या मुलाने ते कागदावर लिहून घेतले आणि मला दोनदा वाचून दाखवले, बरोबर आहे ना म्हणून.

भिकाभाऊंनी पवळीचा दोर धरला. या वेळी पवळीची नळी पवळीचीच होती. चिठ्ठी भिकाभाऊंनी लिहिली. अक्षर वेडेवाकडे होते.

आम्ही निघालो, तेव्हा आबा स्वतः घरात गेले आणि पेला घेऊन बाहेर आले. दूध वाफाळत होते. वर साय.

“पी ल्या सायेब. उकाळेल शे.” त्यांनी पेला माझ्या हातात दिला. “कोनती गायनं शे, ते तुम्हीच लिखी ल्या.”

भिकाभाऊंनी अंगणातली खाट मला बसायला पुढे सरकवली. पण माझे गुडघे आता वाकत नाहीत, देवापुढेही नाही. ते दूध मी उभ्यानेच संपवले.