ऑप्शनला टाकलेला धडा

नव्वदच्या दशकाची अखेर. अबू धाबीतल्या एका भारतीय शाळेत मी दहावीला बायोलॉजी शिकवत होते. एप्रिलमध्ये नवी पुस्तकं आली की ती वाटण्याआधी आम्हा शिक्षिकांना लायब्ररीत बसवायचे आणि उत्क्रांतीच्या धड्याची पानं एकमेकांना चिकटवायला लावायचे. गोंद शाळेचा, हात आमचे. म्हणे, वरून हुकूम आहे. तो हुकूम कागदावर कुणी कधी पाहिला नाही, आणि पदव्यांच्या भेंडोळ्या घेऊन आलेल्या आम्ही बायकांनी तो दाखवा म्हणून मागितलाही नाही. याचाच मला जास्त संताप येतो.

"यल्ला मॅडम, आज खलास करना है," सुपरव्हायझर दारातून ओरडायची.

मी पुण्याहून झूलॉजीत एम.एस्सी. केलेली. पहिल्या वर्षी तिला विचारलं, बोर्डाचा पेपर तर दिल्लीहून येतो, त्यात यावर प्रश्न आला तर? ती हसली. "पाँच मार्क का है. ऑप्शन में डाल दो."

पालकसभेत तरी कुणी बोलेल असं वाटलं होतं. कसचं काय! आपल्याच मंडळींपैकी एक गृहस्थ उठले. मासा, कासव, वराह, आपल्या दशावतारात हे सगळं आधीच आहे, मग वेगळा धडा हवाच कशाला, असं त्यांनी ऐकवलं आणि टाळ्या घेतल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी प्यारी होती.

त्या वर्षी वर्गात एक मराठी मुलगी होती. वडील मुसफ्फाच्या औद्योगिक वस्तीतल्या एका वर्कशॉपमध्ये इंजिनिअर. तिच्या आईला वाटलं, छापखान्यात गोंद सांडून पुस्तक खराब निघालंय. त्या माऊलीने भाताच्या वाफेवर धरून एकेक पान सोडवलं. मुलीने धडा वाचला आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात हात वर केला.

"मिस, व्हेल्स डोन्ट हॅव लेग्ज. देन व्हाय डू दे हॅव हिप बोन्स?"

इतका चांगला प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. सुपरव्हायझर बाहेर कॉरिडॉरमध्ये फेरी मारत होती.

"आय डोन्ट नो," मी म्हणाले. "सिट डाऊन."

मधल्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये आली. मला वाटलं, आता जाब विचारणार. विचारला असता तर बरं झालं असतं. पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. मिसला खरंच येत नाही, असं धरून चालली होती बिचारी.

"इट्स ओके मिस, आय विल एक्सप्लेन," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. चित्रावर बोट ठेवून सावकाश, मला कमीपणा वाटणार नाही अशा बेताने सांगू लागली. व्हेलचे पूर्वज जमिनीवर चालायचे. मग ते पाण्यात गेले, पाय वापरायचे थांबले, म्हणून पाय लहान लहान होत गेले.

इथे ती चुकली होती. न वापरल्यामुळे पाय जात नाहीत; जन्मतःच आखूड पायांचे पाण्यात जास्त तगतात आणि पिढ्यानपिढ्या त्यांचीच पिल्लं उरतात, हे मी झोपेतही समजावू शकले असते. समोरच्या टेबलापाशी सुपरव्हायझर चहा पीत होती.

"अंडरस्टुड, मिस?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. वर शाबासकीही दिली.