दीपकच्या अंगणातला राजा

आमच्या वाडीत राजपुत्र राहतो आणि तो मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फिटर आहे, असं सांगितलं की पाहुणे हसतात. हसू देत. दीपकचा पणजोबा पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका लहान राज्याचा राजा होता. इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं. "मला घरी न्या," म्हणतच तो इथे मेला. धाकट्या मुलाने वाडीतल्या मुलीशी लग्न केलं होतं. त्याने बापाला आपल्याच अंगणात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, झाडाखाली पुरलं. कुटुंबातले बाकीचे परत गेले.

पुढे कुणाची तरी हरवलेली गाय त्या रातांब्याखाली सापडली आणि वाडीने तिथे नारळ फोडला. झालं. परमुलखातला कैदी आमचा राखणदार होऊन बसला.

पण शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जायची ती दीपकच्या घरी कधीच गेली नाही. त्याची आई कमळाकाकी केळशीची. माहेरी पालखी दारात नाचलेली तिने पाहिली होती. इथे ती सून म्हणून आल्यापासून दरवर्षी रांगोळी काढायची, ओटीचं ताट तयार ठेवायची. ढोल वळणापर्यंत यायचे आणि पुढे निघून जायचे. "आपण उपरे," नवरा सांगायचा. कारण विचारायला कुणी गेलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

गेल्या माघात त्या डोंगरातून दीपकचे भाऊबंद आले. त्यांना राजाच्या अस्थी न्यायच्या होत्या. दीपकने हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. त्याच संध्याकाळी गावाचा मुख्य मानकरी, गावकर आत्माराम, सगळी वाडी घेऊन अंगणात उभा राहिला.

"राखणदार उठवलास तं गाव उघडा पडंल," तो म्हणाला. "मंग काय झाला तं तुझ्याच दारात येऊ."

आम्ही परत निघालो तेव्हा मागे काकी म्हणाली, "आजवर नुसती पालखी येत नाय. आता आपल्याला वाळीत टाकतील, बाबा."

"आये, आपण इथलेच," दीपक म्हणाला. "तो कधीच इथला नव्हता. त्याला जाऊ दे."

पांढऱ्या कापडात बांधून राजा घरी गेला. खड्डा दीपकने स्वतः बुजवला.

त्यानंतर तो दुकानात आला की बोलणी थांबायची. सखारामची म्हैस साप चावून मेली, तर सगळ्यांच्या माना दीपकच्या घराकडे वळल्या. माझीही वळली. दीपक रोज कामावर जायचा, पण घरी म्हातारी एकटी, म्हणून त्याचा जीव टांगणीला.

शिमगा आला. काकी रांगोळी काढायला बसली.

"आये, या वर्षी तरी नको."

तिने ऐकलं नाही. वळणावर ढोल आले आणि आत्मारामने हात वर केला. ढोल थांबले. पालखीमागे आम्ही सगळे होतो. दीपक दात आवळून बेड्यात, अंगणाच्या फाटकात, येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हातघाईवर येणार.

"बाजूला हो," आत्माराम म्हणाला. "देव आत येतोय."

दीपक हलला नाही. "आज कसा काय?"

"आजपावेतो तुझ्या अंगणात राजा बसलेला. एक राखणदार बसला असताना दुसऱ्यान त्याच्या दारात जायचा नसता. बापजाद्यांचा नेम हाय. आता गाव उघडा पडलाय, देवालाच बघायला हवा."

"मंग इतकी वर्षां सांगितलात नाय?"

"तुम्ही विचारलात कधी?"

दीपक बाजूला झाला. पालखी रांगोळीवर टेकली. काकीने ओटी भरली. ती रडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती देवाशी बोलली, तेही जरा रागातच.

"आलास, बरा झाला. पण आमचा राजा गेला तेव्हा आलास."

ताटात तिने दोन नारळ ठेवले होते. एक देवापुढे ठेवला. दुसरा हातात धरून ती रातांब्याखालच्या बुजवलेल्या जागेकडे बघत राहिली.