ओल्या फडक्यातला पोपट

लीला कातडं गालाला लावून बघायची. गार लागलं की कोरायला घ्यायची, चिकट लागलं की अजून थांबायची. कोरताना जीभ दातांत धरायची. चहा गार करूनच प्यायची. कुणी नवी चप्पल घालून आलं की तिची नजर आधी पायांकडं जायची, मग तोंडाकडं. अर्ध्या कामावरून उठताना त्याला ओलं फडकं गुंडाळून ठेवायची, म्हणजे कातडं मऊ राहतं. आणि तयार खोगीर गिऱ्हाइकाला देण्याआधी एकदा उलटं करून आतली बाजू बघायचीच. तिथं घराचा ठसा असायचा. बारीकशी नाल, पितळेच्या बोटभर कांडीनं उठवलेली.

तो ठसा तिनं कधी मारला नव्हता. ज्यानं नक्षी कोरली त्यानंच ठसा मारायचा, अशी त्या घराची रीत. सोलापुरात बाळीवेशीजवळचं हे घर पिढ्यान्‌पिढ्या खोगिरं करत आलं. सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, हात थरथरू लागला तसं कोरणं लीलाकडं आलं. ठसा मात्र आप्पांच्या कमरेलाच राहिला.

तिचा नवरा शहाजी म्हणायचा, "एक ठोका मारून म्हातारं खूश हुतंय, तर मारू दे की."

फाल्गुनात करमाळ्याहून बापूसाहेब आले. त्यांनी आधी मोबाइलवर आपली घोडी नाचताना दाखवली, मग गाडीतून एक जुनं खोगीर काढलं. आप्पांनी ऐन उमेदीत केलेलं. त्यावरची वेल झिजून सपाट झाली होती.

"घोडेबाजाराच्या आधी नक्षी उठून दिसली पायजे, आप्पा."

"दिसंल," आप्पा म्हणाले. बापूसाहेब गेल्यावर त्यांनी खोगीर लीलापुढं ढकललं. "हे जमलं तर ठसा तू मार."

लीलानं ते पुन्हा वदवून घेतलं नाही. आप्पा एकदा बोलले की बोलले.

तेल मुरलेलं जुनं कातडं हट्टी असतं. ते भिजवून चालत नाही. वीतभर ओलं करायचं, तेवढंच कोरायचं, सावलीत सुकवायचं. लीलानं तसंच केलं. आप्पांनी जिथं पानाची कड नुसती रेघेनं दाखवली होती, तिथं तिनं ती खालून दाबून उचलली. पानं वळली. देठाला गाठी आल्या. वेल खोगिरावरून खाली उतरते आहे असं वाटू लागलं.

आप्पांनी वेलीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"ही माझी हुती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लीला बाजारातून आली तेव्हा खोगीर जागेवर नव्हतं. ती गच्चीवर गेली. खोगीर भर उन्हात पडलं होतं, चिंब भिजलेलं. शेजारी रिकामी बादली. आप्पा टाकीच्या सावलीत बसले होते.

"आप्पा, उन्हात कुणी ठेवलं?"

"मी. सुकाया नको व्हय?"

"भिजवलं कुणी?"

"तू न्हाईस व्हय भिजवत रोज?" आप्पा म्हणाले, आणि तंबाखूची डबी उघडली.

सोलापूरचं ऊन. संध्याकाळपर्यंत कातडं आक्रसलं, आणि जिथं जिथं तिनं खोल दाबलं होतं, नेमकं तिथंच तडकलं. वेलीचं पानन्‌पान फाटलं.

शहाजीनं सगळं ऐकून घेतलं. "तू गप ऱ्हा. आप्पांचं नाव गेलं तर या घरात मागं काय उरतं?"

बापूसाहेब आले. खोगीर बघून त्यांचा चेहरा पडला.

"माझा हात थरथरतोय," आप्पा म्हणाले. "काम सूनबाईनं केलं." मग कमरेची कांडी सोडून त्यांनी लीलापुढं धरली. "घे. रीत हाय आपल्यात."

लीलानं शहाजीकडं बघितलं. तो मोबाइल बघत होता.

"व्हय गं? तू कोरलंस?" बापूसाहेबांनी विचारलं.

"कोरलं मी."

"मग मार की."

तिनं खोगीर उलटं केलं. आतल्या कातड्याला गाल लावला. कांडी उभी धरली, एकच ठोका मारला. नाल स्वच्छ उठली. एवढी स्वच्छ आप्पांना कैक वर्षांत जमली नव्हती.

"खोल बसला," आप्पा म्हणाले.

बापूसाहेबांनी फाटलेल्या वेलीचा फोटो काढला, मग ठशाचा. "घोडेवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो. कळू दे सगळ्यांना, आता हितं कोण कोरतंय."

लीला आता एका टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवते. आप्पा विचारतात, "आज बी सुट्टी व्हय कोरायला?" ती डबा उचलते आणि कामाला निघते.

कोपऱ्यात मोहोळच्या गिऱ्हाइकाच्या खोगिराची एक बाजू पडून आहे. त्यावर पोपट आहे. एक पंख उठलेला, दुसऱ्याची नुसती रेघ. डोळा सगळ्यात शेवटी करायचा असतो, तो झालेला नाही. भोवती तिनं गुंडाळलेलं फडकं तसंच आहे. ते केव्हाच वाळलं.