दहा सेंटांची चमकी

नवरा गेला त्या दिवशी बायकांनी उदगीरच्या रत्नम्मांच्या नाकातली चमकी काढून घेतली. रत्नम्मांनी नाकाचं भोक मात्र बुजू दिलं नाही. पिठाची गिरणी बंद करून घरी आल्या, की रोज कडुलिंबाची बारीक काडी त्यात घालून झोपायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "नाक माझं हाय."

लेकीचं, शिवकन्येचं, लग्न ठरलं आणि त्यांनी घरात सांगून टाकलं, की मंडपात हिऱ्याची चमकी घालूनच उभी राहणार. धाकटे दीर बसलिंगप्पा भडकले. वहिनींचं नाक जसं काही त्यांच्याच सातबाऱ्यावर होतं. वहिनी बधत नाहीत म्हटल्यावर त्यांनी मोठ्या मनानं सूट दिली.

"घालायचीच असंल तर दहा सेंटांच्या वर न्हाई, वैनी. कुणाला दिसू नये असली घ्या."

शंभर सेंटांचा एक कॅरट, एवढं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. तेवढ्यावर गडी निर्धास्त झाला.

लातूरच्या सराफाकडे कामाला असलेल्या अंजूनं दहा-दहा सेंटांचे दोन हिरे पुढ्यात ठेवले. एक बारका, मलूल. दुसरा चांगला पसरट आणि असा लखलखीत, की रत्नम्मांची नजर हलेना.

"दोन्ही दहाच का गं?"

"हाव मावशी. कॅरट म्हंजे वजन. ह्या बारक्याचं वजन खाली पोटात गेलंय, ते वरून दिसत न्हाई. ह्या दुसऱ्याचे पैलू नीट पाडलेत, म्हणून तोंड मोठं दिसतंय अन् उजेडबी लई फेकतोय. काट्यावर दोन्ही सारखेच."

रत्नम्मांना हसू फुटलं. किलोभर ज्वारी डब्याच्या तळाशी बसते आणि तिच्याच किलोभर लाह्यांना पोतं पुरत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"हाच दे," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी बसलिंगप्पांना ती चमकी मंडपाच्या दारातूनच दिसली. ते तरातरा आले.

"वैनी, दहा सेंट ठरलं होतं."

"दहाच हाय. काट्यावर घालून बघा."

"मग मागं तरी बसा. लोक बघून राहिलेत."

"बघू द्या की. त्यासाठीच घातलीय."

आणि त्या सरळ स्टेजवर चढल्या. शिवकन्येनं आपल्या शेजारी जागा ठेवली होती. अक्षता पडल्या तेव्हा रत्नम्मा तिथंच उभ्या होत्या, मान वर करून. कडुलिंबाची काडी त्यांनी सकाळीच चुलीत घातली होती.